बी.कॉम. झालं, पुण्यात अकाउंट्सला लागलो. आता कंपनीतच राहू की सीएच्या ऑफिसात जाऊ?

बार्शीचा_बंड्या

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहायची वेळ आली. वयाने लहान आहे, अरेतुरे केलंत तरी चालेल.

बार्शीला बी.कॉम. केलं, ५८ टक्के. मग टॅली आणि जीएसटीचा क्लास लावला आणि पुणं गाठलं. भोसरीत एका मशिनिंगच्या कारखान्यात अकाउंट्स असिस्टंट आहे, वर्ष होऊन गेलं. माणसं चांगली आहेत, पगार सात तारखेच्या आत होतो. पण काम एकच. परचेसची बिलं टॅलीत टाकायची आणि १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) आलं की ते जुळवत बसायचं. सेल्स दुसरा बघतो, पगारपत्रक तिसरा, बँक खुद्द साहेबांकडे. बॅलन्स शीट बाहेरचे सीए करतात, ती मी अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही.

माझा रूममेट सीएच्या ऑफिसात आहे. आर्टिकल (सीए होण्यासाठी उमेदवारी करणारा) नाही, साधा असिस्टंट. त्याला माझ्यापेक्षा चार-पाच हजार कमी मिळतात, जुलै ते ऑक्टोबर घरी यायची वेळ ठरलेली नसते, पण रिटर्नपासून ऑडिटपर्यंत सगळं त्याच्या हाताखालून जातं. त्यांच्याकडे अजून एक जागा आहे. जाऊ का? की सीए इंटरला (सीएच्या मधल्या परीक्षेला) पदवीच्या जोरावर डायरेक्ट एन्ट्रीने नाव घालू? घरचं म्हणणं, आता कमवायला लागलायस तर कमव. आणि साहेब रोज चहाला म्हणतात, एआय आलंय, एन्ट्र्या मारणाऱ्यांचं आता काही खरं नाही.

नावे_आणि_जमा

बंड्या, साहेबांचं एवढं मनावर घेऊ नकोस, पण अगदी सोडूनही देऊ नकोस. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या पार्ट्यांना २०२३च्या ऑगस्टपासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. म्हणजे ते बिल आधीच पोर्टलवर आहे, ते टॅलीत ओढून घ्यायला माणूस लागत नाही. नुसत्या टायपिंगचं काम जाणार, त्यात एआयचंही कौतुक नको, ते त्याच्याआधीच जायला लागलंय.

मी चिंचवड-भोसरीतच आयुष्य काढलं, म्हणून तुला कारखान्यातलंच सांगतो. तुझ्या हातात बिल येतं. त्या बिलाचा माल कुठाय ते कधी जाऊन पाहिलंस का? उद्या जेवणाच्या सुट्टीत स्टोअरला जा. गेटवरचं इनवर्ड रजिस्टर बघ, मग स्टोअरची जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), मग क्वालिटीचा शिक्का. या तीन तारखा आणि बिलाची तारीख एका कागदावर शेजारी शेजारी लिही. मार्चअखेरची बिलं घे, तिथेच गंमत असते.

एक उदाहरण. टूलिंगवाल्याचं इन्सर्टचं (मशीनच्या कटिंग पात्यांचं) बिल, तारीख ३१ मार्च. त्याने त्याच्या मार्चच्या जीएसटीआर-१मध्ये (विक्रीच्या रिटर्नमध्ये) टाकलं, आपल्या मार्चच्या २बीत आलं, रक्कम पैशापर्यंत जुळली. सॉफ्टवेअरने हिरवं केलं. आता गेटचं रजिस्टर काढ: गाडी आत आली ३ एप्रिलला. ऑर्डरवर लिहिलंय एफओआर, म्हणजे आपल्या दारात पोचेपर्यंत माल त्यांचाच. मग ही खरेदी मार्चची कशी? तू ती मार्चमध्ये टाकलीस, आणि ३१ मार्चला स्टोअरवाल्याने स्टॉक मोजला तेव्हा तो माल रॅकवर नव्हता. खरेदी धरली, स्टॉक नाही धरला. नफा तेवढ्याने कमी दिसला. वर क्रेडिटचा (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीचा) घोळ वेगळाच. जीएसटी कायद्याचं कलम १६ नुसतं बिल बघून थांबत नाही, माल मिळालेला असला पाहिजे असंही म्हणतं. २बी जुळलं म्हणजे क्रेडिट बसलं, असा समज असलेली माणसं मी अकाउंट्स मॅनेजरच्या खुर्चीत बसलेली पाहिलीयत.

हे कुठलं सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही, कारण त्याला गेट माहीत नाही. तुला माहीत असू शकतं.

तसंच जॉबवर्कचं. प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला माल चलनावर बाहेर जातो. तो वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. तुमच्याकडे वर्ष उलटलेली चलनं किती उघडी आहेत, विचार जरा. बहुतेक ठिकाणी हे कुणाच्याच टेबलावर नसतं. जे कुणाच्या टेबलावर नाही ते काम मागून घ्यावं, त्यात कुणाच्या पोटावर पाय येत नाही आणि कुणी नाही म्हणत नाही.

तिरपागडा

वरचा प्रतिसाद उत्तम. पण मला एक कळत नाही, आपल्या धंद्यात "शिकायला मिळतं" हे पगाराचं नाव कधीपासून झालं?

बंड्या, चार-पाच हजार कमी घेऊन जाणार म्हणतोस. पुण्यात कॉटबेसिसची जागा, मेस आणि बसचा पास यांचा हिशेब मांडलायस का? अकाउंटंट आहेस ना, मग आधी स्वतःचा जमाखर्च मांड. घरी काही पाठवतोस का? पाठवत असशील तर त्या चार-पाच हजारांनी महिन्याच्या पंचवीस तारखेला तुझं काय होतं ते बघ. उपाशीपोटी कुणी ऑडिट शिकत नाही.

आणि ज्यांना नवीन पोरं "शिकायला" हवी असतात त्यांच्याकडे शिकवायला कोण बसतं, तेही विचार. मी अशाच एका ऑफिसात होतो. पहिला सीझन सगळा बँक स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवण्यात गेला. दुसऱ्या सीझनला बढती मिळाली: आता दुसऱ्यांनी उतरवलेली तपासायची.

माधवी_करवीर

मी कोल्हापुरात प्रॅक्टिस करते, माझ्याकडे आर्टिकल आहेत आणि बी.कॉम. झालेले असिस्टंटही. तेव्हा तिरपागडा यांचा टोला अर्धा मलाच आहे, आणि तो बरोबरच आहे असं म्हणावं लागेल. सीएच्या ऑफिसात गेलं की सगळं शिकायला मिळतं, हे सरसकट खरं नाही. काही ऑफिसं म्हणजे नुसती रिटर्नांची गिरणी असते. शंभर पार्ट्या, प्रत्येकाचं ३बी (दरमहाचं जीएसटी रिटर्न), २० तारीख आली की दळण सुरू. तिथे तीन वर्षं काढलेल्या मुलाला एका पार्टीचा ताळेबंद पहिल्यापासून शेवटपर्यंत लावता येत नाही.

म्हणून मुलाखतीला जाशील तेव्हा पगाराच्या आधी दोन गोष्टी विचार. पार्टीकडे जायला मिळेल का? आणि फायनलायझेशनला (वर्षाचा ताळेबंद पक्का करायला) कधी बसवाल? उत्तर देताना समोरचा अडखळला तर समज. रूममेटलाही विचार की आजच्या तारखेला एखादी फाइल, मग ती किराणा दुकानाची का असेना, व्हाउचरच्या गठ्ठ्यापासून सही होईपर्यंत तो एकटा काढू शकतो का. "सगळं हाताखालून जातं" आणि "सगळं करता येतं" यात फार अंतर आहे.

आता इंटरबद्दल. तुला ५८ टक्के आहेत, कॉमर्स पदवीधराला ५५ची अट आहे, म्हणजे डायरेक्ट एन्ट्रीचा रस्ता मोकळा आहे. आर्टिकलशिप नव्या योजनेत तीनाची दोन वर्षं झालीय, पण ती सुरू व्हायला आता इंटरचे दोन्ही ग्रुप सुटलेले असावे लागतात. पूर्वी एका ग्रुपवर आर्टिकलला लागून दुसरा रेंगाळत ठेवणारे असायचे, तो प्रकार संपला. पासिंगचं गणित तेच: प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपची सरासरी ५०. त्या ५०वरच जास्त मुलं अडकतात. नोकरी करून इंटर होतच नाही असं मी म्हणणार नाही, पण परीक्षेआधी सलग रजा देणारा साहेब लागतो. तुझे देतील का? आणि आर्टिकलशिपची दोन वर्षं स्टायपेंडवर काढायची आहेत हेही घरी आत्ताच सांग, नंतर सांगितलंस तर भांडणं होतात.

अजून एक. १ एप्रिल २०२६पासून १९६१चा आयकर कायदा जाऊन २०२५चा लागू. आमच्या पिढीने १९४सी, १९४जे, ४४एबी हे कलमांचे नंबर पाढ्यांसारखे पाठ केले होते, ते सगळे बदलले. आमच्या ऑफिसात जुनेजाणते कुरकुर करतायत. पण तुझ्या वयाच्या मुलांसाठी ही चांगली वेळ आहे. नवा कायदा नीट वाचून बसलेला पोरगा आज वीस वर्षांच्या अनुभवी माणसाला कलम दाखवू शकतो, एरवी ही संधी मिळाली नसती.

जुना_आर्टिकल

माधवीताईंना अनुमोदन. फक्त सीएच्या ऑफिसच्या बाजूने एक गोष्ट नोंदवतो: एप्रिलमधलं बँक ऑडिट. कंपनीत बसून ते कधीच दिसत नाही.

आम्हाला मराठवाड्यातली एक शाखा आली होती. बाहेर ऊन रटरटतंय, आत स्ट्राँगरूमशेजारी एक टेबल, वर आवाज करणारा पंखा, शाखाधिकारी दर तासाला उसाचा रस पाठवणार. कर्जखाती चाळायची. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए (थकीत कर्ज), हे पुस्तकात वाचलेलं. पण पीककर्जाला ९० दिवस लागत नाहीत, तिथे हंगाम मोजतात. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, जास्त मुदतीच्या पिकाला एक. मग ऊस लावलाय का सोयाबीन, यावर खात्याची जात ठरते. ते बघायला सातबारा काढावा लागला. कॉमर्स शिकलेल्या मुंबईच्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा सातबारा वाचला, तोही बँकेच्या शिपायाकडून समजून घेत.

आणि मग एक नमुना दिसायला लागला. ३० मार्चला खात्यात रोख भरणा, खातं नियमित. २ एप्रिलला तेवढ्याच रकमेची नवी उचल. एकात दिसलं तर योगायोग म्हणू, पण एकामागून एक खाती तशीच. सरांना दाखवलं. ते शाखाधिकाऱ्यांना काहीच बोलले नाहीत, फक्त ३० मार्चची भरणा-पावत्यांची गड्डी मागवली. पावत्या एकाच हस्ताक्षरात होत्या.

त्या दिवसापासून मी लेजर आडवं न वाचता तारखांवरून वाचायला लागलो. हे कोणत्या क्लासमध्ये शिकवतात?

पतसंस्थावाला

सगळे सीए-सीए करतायत म्हणून एक वेगळा रस्ता सांगतो. जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि लेखाशास्त्राची सरकारी पदविका) ही सहकार खात्याची परीक्षा आहे, पदवीधराला बसता येतं, नोकरी सांभाळून होते. ती झाली आणि संस्थांच्या लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव घेतला की प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून पॅनेलवर जाता येतं. मग महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायट्या, पतसंस्था, विकास सोसायट्या यांचं ऑडिट स्वतःच्या सहीने करता येतं. सहकार कायद्यात लेखापरीक्षकाला मराठी यायला हवी अशी अटच आहे, म्हणजे दिल्लीचा माणूस येऊन आपलं काम नेण्याची भीती नाही.

पुण्यात सोसायट्या किती आहेत ते मोजायची गरज नाही, खिडकीतून बघ. काम फार ग्लॅमरचं नाही. आय आणि जे नमुना (सभासदांची नोंदवही आणि यादी) भरलाय का, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी) वेगळा गुंतवलाय का, भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर तर लावलं नाही ना. सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ असतात, त्यांना पावती पुस्तक कसं लिहायचं हे तुम्ही समजावून सांगितलंत तर जन्मभर विसरत नाहीत आणि शेजारच्या सोसायटीचं कामही तेच आणून देतात.

पतसंस्थेत मात्र डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. पिग्मीचं (एजंट रोज गोळा करतो त्या बचतीचं) खातं आणि ठेवीदाराच्या हातातलं पासबुक दोन्ही जुळतंय का, हे बाजारात दुकानादुकानात जाऊन बघायचं. एजंट बरोबर नको. ऑडिट म्हणजे एसीत बसून टिका मारणं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा भर दुपारी मंडईत पिग्मीची पासबुकं मागत फिरावं.

फोंडेकर

थोडं अवांतर. गोव्यात पोरं हॉटेलात नाईट ऑडिटला लागतात. रात्री अकरा ते सकाळी सात. प्रत्येक खोलीचं भाडं फोलिओला (पाहुण्याच्या खात्याला) चढलं का, रेस्टॉरंटच्या केओटीची (किचनला गेलेल्या ऑर्डरींची) बिलं झाली का, कार्ड मशीनची बेरीज आणि सिस्टिमची बेरीज एक आहे का. सगळं जुळलं की तारीख पुढे ढकलायची. रोजच्या रोज पुस्तक बंद करायची सवय लागते, ती मार्चअखेरला उपयोगी पडते. झोपेचं खोबरं होतं ते वेगळं. लग्न झालेल्यांनी करू नये असं आमच्यातले म्हणतात.

गप्प_बसणारी

सहसा लिहीत नाही, पण या वयातल्या मुलांसाठी लिहिणं भाग आहे.

पहिल्या नोकरीत मला एकदा बोलावून सांगितलं गेलं, "तुझं पॅन आणि आधार दे, एक छोटी फर्म काढायचीय, तू घरचीच आहेस." मी बावीस वर्षांची. नाही म्हणायचं असतं हे कळत होतं, कसं म्हणायचं ते कळत नव्हतं. वडिलांना विचारते म्हटलं आणि वेळ मारून नेली. माझ्या जागेवर नंतर आलेल्या मुलाने दिलं. त्याच्या नावाने जीएसटी नंबर निघाला, त्यावर बिलं फिरली, आणि नोटीस आली ती त्याच्या गावच्या पत्त्यावर. फर्मचं नाव इथे लिहीत नाही.

म्हणून: स्वतःच्या पॅनवर मालकाचं रजिस्ट्रेशन, मालकाच्या कंपनीत नावापुरतं संचालकपद, स्वतःच्या बचत खात्यातून "जरा दोन दिवस" पैसे फिरवणं, या तिन्हीला नाही. पार्टीच्या पोर्टलवर आपला मोबाइल आणि ईमेल टाकायचा नाही, कितीही सोयीचं असलं तरी. नोकरी सोडून वर्ष झालं तरी ओटीपी आपल्याच फोनवर येत राहतात आणि रिटर्न कुणी भरलं याचं बोट आपल्याकडे वळतं. मालकाची डिजिटल सही ड्रॉवरमध्ये ठेवायला दिली तर ती कधी आणि कशासाठी वापरली हे मेलवर लिहून ठेवायचं. "वडिलांना विचारते" हे वाक्य अजूनही चालतं, मुलांनीही वापरावं.

तिरपागडा

वरच्या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन. नाही म्हणायला पण बँकेत दोन महिन्यांचा खर्च शिल्लक लागतो हो. म्हणून मी पगारावर अडून बसतो.

रश्मी_शारजा

बंड्यासारखे बरेच जण मला इनबॉक्समध्ये "गल्फला काही आहे का" विचारतात, म्हणून इथेच लिहिते. इथे अकाउंटंटच्या जागा आहेत, पण सीव्हीवर नुसतं "टॅली, एक्सेल, जीएसटी" वाचून कुणी फोन करत नाही. विचारतात ते एवढंच: फायनलायझेशन केलंय का, आणि ऑडिटरच्या प्रश्नांना उत्तरं तू दिलीस का तुझ्या साहेबाने. यूएईत व्हॅट २०१८ला आला, ५ टक्के. जीएसटी जुळवलेल्या माणसाला तो चार दिवसांत समजतो. कॉर्पोरेट टॅक्स १ जून २०२३ला किंवा नंतर सुरू होणाऱ्या वर्षांपासून लागू झाला, पावणेचार लाख दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. त्यामुळे ज्या दुकानदारांनी आजवर धड हिशेब ठेवले नव्हते त्यांना आता माणसं हवीयत, आणि पुस्तकं लावून देणारा भारतीय मुलगा त्यांना पटकन चालतो.

पण एजंटला पैसे भरून येऊ नये. व्हिसाचा खर्च कंपनीचा असतो. आणि तीन वर्षं व्हाउचर एन्ट्रीवर काढून इथे आलात तर इथेही व्हाउचर एन्ट्रीच मिळते, फक्त उकाडा जास्त.

बार्शीचा_बंड्या

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, विशेषतः गप्प_बसणारी ताईंचे. आमच्या एका पार्टीच्या पोर्टलवर माझाच नंबर होता, तो काल बदलून घेतला.

स्टोअरला गेलो. स्टोअरकीपर काका आधी म्हणाले, "अकाउंट्सवाला इकडे कशाला, काय चुकलं आमचं?" मग चहा झाला. मार्चची शेवटच्या आठवड्यातली बिलं आणि गेटचं रजिस्टर मांडलं, तर तीन बिलांचा माल एप्रिलमध्ये आलेला. एका बिलाचा माल तर क्वालिटीने परत पाठवला होता आणि डेबिट नोट (त्या रकमेची वजावट मागणारा कागद) कुणी काढलीच नव्हती. जॉबवर्कची उघडी चलनं काढतोय, त्यात प्लेटिंगवाल्याकडचा एक लॉट आहे, त्याचा पत्ता ना त्यांना ना आम्हाला.

कागद साहेबांपुढे ठेवला. बराच वेळ बघत होते. म्हणाले, या वर्षीच्या ऑडिटला सीएंचा माणूस येईल तेव्हा तू बस त्याच्याबरोबर. बँकेचं बीआरएससुद्धा (बँक स्टेटमेंट आणि आपली पुस्तकं जुळवायचं काम) माझ्याकडे दिलं.

रूममेटला माधवीताईंचा प्रश्न विचारला. एकट्याने फाइल काढशील का म्हटल्यावर तो गप्प झाला आणि नंतर म्हणाला, तुमच्या कंपनीत जागा आहे का!

तर आत्ता मार्चअखेरपर्यंत इथेच थांबतो. इंटरचं अजून ठरत नाही, रजेचं विचारल्यावर साहेब "बघू" म्हणाले. जी.डी.सी.चा अभ्यासक्रम मात्र आणलाय.

एक शंका आहे. लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या मे महिन्याच्या बिलावर २५ मेला टीडीएस कापला, ७ जूनला भरायचा राहिला, ८ला भरला. एक दिवस उशीर. व्याज तीन टक्के दाखवतंय. दीड हवं ना?

नावे_आणि_जमा

तीनच. दर दीड टक्का, पण महिना किंवा महिन्याचा भाग. मोजायला सुरुवात कापल्या तारखेपासून, ७ तारखेपासून नाही. आणि महिने कॅलेंडरचे धरतात, म्हणून मे एक, जून दोन. एका दिवसाच्या आळसाला दोन महिन्यांचं व्याज. हे एकदा खिशातून गेलं की कुणी विसरत नाही. तुमच्याकडे टीडीएसचं चलन बनवतं कोण? बीआरएस तुझ्याकडे आलंय तर ५ तारखेला टीडीएसचं लेजर काढून साहेबांच्या टेबलावर ठेवत जा.

परत पाठवलेल्या मालाची डेबिट नोट आधी काढ. आणि त्या बिलाचं क्रेडिट घेतलं असेल तर ते उलटवायला सांग, पुढच्या ३बीच्या आत.

माधवी_करवीर

शाब्बास. ऑडिटला बसशील तेव्हा गेल्या वर्षीची बॅलन्स शीट आणि ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या बाकींची यादी) आधी मागून घे, दोन रात्री त्यावर घाल. एक एक आकडा कुठून आला ते लेजरपर्यंत मागे नेत जा. अडेल तिथे इथे विचार, पार्टीची नावं खोडून.

तिरपागडा

हे सगळं झकास. पगाराचं बोललास का?

बार्शीचा_बंड्या

बोललो. एप्रिलमध्ये बघू म्हणाले.

तिरपागडा

कुठल्या सालच्या एप्रिलमध्ये, ते मेलवर लिहून घे.